हार्टविगकाकांचं भाजलेलं अस्वल

झोनेबेर्ग,
रविवार दुपार

तीर्थरूप एल्फ्रीडेआत्या यांच्या चरणी, त्यांच्या वेंधळ्या भाचीचा, गुड्रुनचा, डोकं टेकून नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? रोस्टॉकच्या वाऱ्याने कान अजून ठणकतात का? (लोकरीची टोपी घाल, फॅशन पुरे झाली.) आम्ही इकडे सुखरूप आहोत, म्हणजे माणसं सुखरूप आहेत. पुढचं मात्र बसून वाच.

तुझ्या धाकट्या भावाचं, आमच्या हार्टविगकाकांचं, लहानपणचं खेळण्यातलं अस्वल म्हणजे आपल्या घराण्यातलं सगळ्यात मानाचं माणूस, हे मी तुला काय सांगावं! युद्धाच्या पळापळीत आजीने ते हातगाडीवर घालून आणलं, ही कथा काका दर वाढदिवसाला सांगतात. अस्वल त्यांच्या उजव्या हाताला बसतं आणि त्याला केकचा पहिला तुकडा वाढतात. यंदा काकांची ऐंशी, येत्या शनिवारी. म्हणून ते स्वतः येऊन अस्वल माझ्या हाती देऊन गेले. "पंजा उसवलाय, तेवढा शिव. बाकी कशाला हात लावू नकोस." आता मी हिवाळाभर अस्वलं शिवण्याच्या वर्गाला जाऊन आले आहे, तेव्हा हात न लावणं मला जमणार कसं? मला लगेच त्याच्या कानात कसर दिसली. कसरीला फ्रीजरसारखं औषध नाही. मी अस्वलाचे पाय दुमडले, त्याला चंदेरी कागदात घट्ट गुंडाळलं, वर ठळक अक्षरात 'हार्टविगकाका' लिहिलं आणि ठेवून दिलं.

काका ससे पाळतात आणि दर सणाला आम्हाला एक सोलून देतात, हे तुला माहीत आहे. तो ससाही मी चंदेरी कागदात गुंडाळते आणि त्यावरही 'हार्टविगकाका' असंच लिहिते. हे त्या क्षणी मला आठवलं नाही. आमच्या रायमुंडला मात्र बरोबर आठवलं. मी चर्चमध्ये गायला गेले होते आणि नवऱ्याला प्रेमाचा उमाळा आला होता (वर्षातून एकदा येतो, तोही असा). घरी येते तो बटाट्याचे गोळे उकळतायत, लाल कोबी तयार आहे आणि घरभर जळक्या बोकडाचा वास. अस्वलाची लव मोहेरची, आणि मोहेर म्हणजे शेवटी बोकडाचेच केस ना! रायमुंड ओव्हनपुढे उकिडवा बसून म्हणतोय, "गुड्रुन, काकांनी यंदा ससा सोललाच नाही गं!"

अस्वल एका बाजूने पार करपलं होतं. मी आधी रडले, मग रायमुंडवर ओरडले, मग काकांना काही कळू द्यायचं नाही अशी त्याला शपथ घातली आणि हुबेहूब दुसरं अस्वल शिवायला बसले. मोहेर निवडण्यातच माझी अक्कल निघाली. विरळ घ्यावं तर खालचं कापड दिसतं, दाट घ्यावं तर अस्वल श्रीमंत दिसतं, कुरळं घ्यावं तर मेंढी होते. शेवटी दाट घेतलं आणि म्हातारं करायचं ठरवलं. चहात बुडवलं, ते गुलाबी झालं. अक्रोडाच्या सालीत उकळलं, तर माझे हात रंगले आणि कापड तसंच राहिलं. पोटाला टक्कल पाडायला रायमुंडने आपलं दाढीचं यंत्र दिलं. (ते आता बिघडलं आहे आणि रायमुंड अस्वलासारखा दिसतो.) पहिल्या धडाची लव मी वर जाणारी बेतली, त्यामुळे अस्वल कायम दचकलेलं. दुसऱ्याचे पाय बेतताना साचा उलटवायला विसरले, म्हणून दोन्ही पाय डावे. भरायला चेरीच्या बिया घेतल्या, तर ते मांडीवर घेताच पोतं सांडल्यासारखं खळखळायचं. पोटात बसवायला, कलला की वाजणारा गुरगुरण्याचा डबा आणला, तो गायीचा निघाला. ते मला कळलं चर्चमध्ये. पाद्रीबाबा म्हणाले, प्रार्थना करू या. मी भक्तिभावाने वाकले आणि माझ्या पिशवीतून गाय हंबरली. तेव्हापासून तिकडे लोक माझ्या प्रकृतीची चौकशी करतात.

हसू नकोस आत्या. म्हणजे हस, मीही हसतेच आहे. पण काकू गेल्यापासून काका त्या अस्वलाला सकाळी खिडकीत बसवतात आणि हवा कशी आहे ते सांगतात. मी बाहेरून ऐकलं आहे. शनिवारी त्याच्या खुर्चीवर एखादा परका बसला तर काकांना काय वाटेल? मला फार भीती वाटते गं.

बाकी इकडचं ठीक. प्रकृतीला जप आणि या पत्राचं कोणापाशी बोलू नकोस.

तुझी,
निम्मी करपलेली गुड्रुन

ता. क. पत्र पाकिटात घालण्याआधी, मूळचं भरण किती घट्ट होतं ते बघावं म्हणून करपलेल्या अस्वलाचं पोट न जळलेल्या बाजूने उसवलं. आत लाकडाचा कीस निघाला आणि किसात तुझ्या निळ्या फुलांच्या नायलॉनच्या एप्रनच्या चिंध्या! त्या एप्रनला मी लहानपणी नाक पुसलेलं आहे, ओळखायला चुकणार नाही. आजीच्या हातगाडीवर तुझा इतक्या नंतरचा एप्रन कसा गं आला?

आणखी ता. क. म्हणजे तूसुद्धा माझ्यासारखंच दुसरं अस्वल शिवून बसवलंस! बारा घरची अस्वलं शिवणारी कारखान्यातली कारागीर तू, आणि इतकी वर्षं आम्हाला युद्धाची कथा ऐकवत होतीस? जाऊ दे, मी तोंड उघडणार नाही. फक्त तुझे पुठ्ठ्याचे साचे घे आणि पहिल्या गाडीने ये. नाक तूच शिवायचं.

अगदी शेवटचं. आत्ताच काकांचा फोन आला. रायमुंडला अस्वलाबद्दल बोलायची बंदी होती, म्हणून मन हलकं करायला त्याने काकांना फोन करून ससा जाळल्याबद्दल माफी मागितली. काकांनी यंदा ससा दिलेलाच नाही! मी त त प प करत सगळं सांगून टाकलं, एप्रनसकट. काका मग म्हणाले, "एल्फ्रीडेला बोलावलंस ना? तिला म्हणावं, या खेपेला अस्वलाचे हात जरा लांब कर. मी तरुणपणी लष्करातून घरी आलो तेव्हाच पाहिलं होतं, आखूड झाले होते. पण ती दारात अशी उभी होती ना, श्वास रोखून, की मी म्हटलं, अरे वा, हा अजून तस्साच आहे की!"