उरलेलं कोणाचं

माय, आज दुपारी परभणीच्या कॉलेजात बी.ए.च्या वर्गाला अमेरिकेची राज्यघटना शिकवत होते, आणि मधेच मला भाकरी थापल्याचा आवाज आला. खरं तर पंख्याचं एक पातं कुठंतरी घासत होतं. पण मला तो तुझ्या हातांचा आवाज वाटला आणि बोलता बोलता मी फळ्यासमोर नुसतीच उभी राहिले. पोरं वाट पाहत राहिली. बाहेरचं ऊन इतकं पांढरं होतं की समोरचं लिंबाचं झाड पाण्याखाली उभं असल्यासारखं हलत होतं. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी संघराज्य हा शब्द तोंडात आला की मी पेडगावाकडच्या आपल्या त्या घरात, चुलीपुढे, पाटावर बसलेली असते.

तेव्हा मी ह्याच राज्यशास्त्रात बी.ए. करत होते आणि तू गावची सरपंच होतीस. जागा बायकांसाठी राखीव निघाली म्हणून बाबांनी तुझा अर्ज भरला, तू निवडून आलीस, आणि ग्रामपंचायतीतल्या खुर्चीवर बाबा बसू लागले. लोक सरपंच म्हणून हाक मारायचे तेही त्यांनाच. ग्रामसेवक ठरावाचं रजिस्टर घरी आणायचे, तू पिठाचा हात पदराला पुसून सही करायचीस आणि पुन्हा परातीकडे वळायचीस. मी परीक्षेसाठी मोठ्यानं वाचत असायचे. तू ते ऐकतेस, हे मला बरेच दिवस कळलंच नाही.

"ती राज्यं एक झाली म्हणतीस," तव्यावरची नजर न काढता तू एकदा विचारलंस, "मग त्यायचं त्यायच्याकडं काय राहिलं?"

मी वर पाहिलं. मग सांगत गेले. अमेरिकेत प्रत्येक राज्याची स्वतःची घटना असते, स्वतःची न्यायालयं असतात. राज्य केवढंही असो, वरच्या सभागृहात त्याचे दोनच सदस्य.

"लहान्यालाबी दोन अन् मोठ्यालाबी दोनच?" तू हसलीस. "म्हंजे धाकट्या जावंला सारखा मान. लय बरं हाय की!"

विचारसरणींचा धडा आला तेव्हा तर आपण दोघींनी घरातल्या माणसांची वाटणीच केली. आजोबा पुराणमतवादी. धाकटे काका समाजवादी, कारण ते कुणाचाही टॉवेल उचलायचे. "अन् तुजे बाबा?" तू विचारलंस. लोकशाहीवादी, मी म्हणाले. "चहा येईस्तोर," तू म्हणालीस, आणि आपण इतक्या हसलो की ओसरीवरून बाबांनी काय झालं म्हणून विचारलं.

मग शेषाधिकार आले. घटनेत कुणाच्याच नावावर न लिहिलेले, उरलेले अधिकार. आपल्याकडे ते दिल्लीकडे जातात, मी म्हणाले, आणि अमेरिकेत केंद्राला जे दिलं नाही ते राज्यांचं, नाहीतर लोकांचं.

"उरलेलं लोकायचं?" तुझा हात थांबला. "कोणी दिलं त्यायला?"

"कोणी दिलं नाही, माय. त्यांचंच होतं. त्यांनी सोडलं नाही."

भाकरीला काळा डाग पडला. तू ती तशीच काढून आपल्या ताटात ठेवलीस.

त्याच उन्हाळ्यात पाण्याची टाकी मंजूर झाली. ओढ्यापलीकडच्या वस्तीतल्या बाया हंडे घेऊन ओढा उतरून आपल्या विहिरीवर यायच्या, आणि टाकी त्यांच्या बाजूच्या चढावर झाली तर दोन्हीकडे पाणी पोचेल, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. पण बाबांनी भावकीला शब्द दिला होता. सकाळी ग्रामसेवक रजिस्टर घेऊन आले. टाकी मारुतीच्या देवळामागं, असा ठराव लिहून तयार होता. तू तो ठराव वाचलास. तू वाचतेस हे पाहून ग्रामसेवक चुळबुळ करायला लागले.

"सभा झाली का?" तू विचारलंस.

"दुपारी हाय, ताई. पण तुमी कशाला..."

"मग दुपारी करते सही. तिथं."

मी तुझ्यामागून चालतेय. शाळेच्या व्हरांड्यात ग्रामसभेला माणसं बसलीत, बाया भिंतीला टेकून उभ्या आहेत. बाबा खुर्चीत आहेत. तू त्यांच्यासमोर जाऊन उभी राहतेस, आणि हळूच, घरात जेवायला चला म्हणावं तशा आवाजात म्हणतेस, "उठा. ती खुर्ची माझी हाय."

बाबा हसले. मग तुझ्याकडे पाहून हसायचे थांबले. ते उठले, पायात चप्पल सरकवली आणि कुणाकडेही न पाहता निघून गेले. तू बसलीस, आणि पलीकडच्या बायांना म्हणालीस, "बोला. आज आमी ऐकायलाव." त्या आधी बोलेचनात. मग एकदम सगळ्याच बोलल्या. हात वर झाले, मोजले, आणि टाकी ओढ्यापलीकडे गेली.

त्यानंतर बाबा तुझ्याशी बोलायचे बंद झाले. तू वाढायचीस, ते जेवायचे, पाण्याचा तांब्या माझ्याकडून मागायचे. रात्री तू अंगणात बाजेवर आभाळाकडे बघत पडलेली असायचीस. मला वाटायचं, आता हे घर असंच राहणार. पुढच्या सभेला ते आले आणि सगळ्यात मागं सतरंजीवर बसले, तेव्हा मला वाटलं आता भांडण होणार. त्यांनी हात वर केला.

"सरपंचबाई, एक सवाल हाय. आमच्या गल्लीची नाली कधी व्हायची?"

सगळा व्हरांडा हसला. तू पदर सारखा केलास. "नंबरानं होईल," म्हणालीस. त्या संध्याकाळी बाबांनी तुला हाक मारून पाणी मागितलं, आणि तांब्या देताना तू तोंड दुसरीकडे वळवलंस, कारण तुला हसू आवरत नव्हतं.

आता पोरांना शासन म्हणजे काय ते शिकवताना मी व्याख्या लिहून देते, त्यांना मार्क पडायला हवेत. पण शिकवताना दिसतो तो व्हरांडा.

मागच्या आठवड्यात आमच्या प्रभागातल्या बायका घरी आल्या होत्या. महापालिकेला मी उभं राहावं म्हणतात. चहा घेऊन गेल्या, परत येतो म्हणाल्या. तेव्हापासून मी आठवून पाहतेय, खुर्चीसमोर उभी राहिलीस तेव्हा तुझे हात कापत होते का. मी मागं होते, मला फक्त तुझी पाठ दिसत होती, आणि नंतर विचारायचं राहून गेलं. घरी, कॉलेजात सगळ्यांना सांगते, विचार करतेय. हे पत्र कुठंच पाठवायचं नाही, तेव्हा तुला खरं सांगायला हरकत नाही. मी काही विचार करत नाहीये, माय. मला भीती वाटतेय.