सुतकातली गिटार

सिंदेवाही, मंगळवार, संध्याकाळ

बाबांना जाऊन आठवडाही झाला नाही आणि मी आज गिटार निवडत बसलो होतो. कुणाला सांगणार हे?

सुतकात वाद्याला हात लावायचा नाही, म्हणून आत्यानं माझी जुनी गिटार चादरीत गुंडाळून कपाटावर ठेवली आहे. पण फोन हातात होता. इअरफोन लावून दोन इलेक्ट्रिक गिटार ऐकत होतो, दोन्ही एकाच कारागिरानं हातानं घडवलेल्या. मेपलच्या लाकडाची स्वच्छ, टणक वाजते. महोगनीची... तिचा एक स्वर लांबत गेला आणि माझे डोळे भरले. घाटावर भरले नव्हते. याला काय म्हणायचं?

आत्या समोरच बसली होती. बाबांची धाकटी बहीण.

"भाऊचा आवाज ऐकून राह्यला काय रे?"

मी होकारार्थी मान हलवली. का हलवली? बाबांचा आवाज माझ्या फोनमध्ये नाहीच.

"मले बी ऐकव ना. एकटाच काऊन ऐकते?" असं म्हणत तिनं इअरफोनचं एक टोक माझ्या कानातून काढून स्वतःच्या कानात घातलं. तेव्हा तरी खरं सांगायचं होतं. सांगितलं नाही, गिटारही थांबवली नाही. तोच लांबणारा स्वर पुन्हा आला.

"हा त बाजाच वाजून राह्यला. भाऊ केव्हा बोलते?"

"बोलते, आत्या. थांब जरासी."

ती डोळे मिटून थांबली. दुसरं टोक माझ्याच कानात होतं. आणि तेवढ्या वेळात माझं ठरूनही गेलं, महोगनीचीच घ्यायची.