उशीएवढ्या टायरच्या सायकलीला मोटर बसवल्याची हकिकत

तीर्थस्वरूप भावोजींना,

प्लास्टरने माखलेले हात धुऊन केलेला साष्टांग नमस्कार. (पेरांत थोडं राहिलंय, ते नमस्कारात धरू नये.) आम्ही दोघं बरी आहोत, म्हणजे माझे गुडघे सोडून बाकी सगळं बरं आहे. तुमची तब्येत फोनवर विचारली की तुम्ही "ठीक" म्हणता आणि ठेवून देता. एका शब्दावरून नाडी ओळखायला मी काही वैद्य नाही, कवळ्या करणारा माणूस आहे. म्हणून हे पत्र. तेही अर्धवट वाचून ठेवता येतं, पण ठेवलेलं पत्र टेबलावरून तुमच्याकडे बघत तरी राहतं. जेवण वेळेवर होतं ना? ताई गेल्याला वर्ष झालं, आणि तेव्हापासून तुम्ही ओट्याशी उभ्यानेच, पातेल्यातून जेवता असं कानावर आलंय. खोटं असेल तर उत्तम.

आता मुख्य हकिकत. मी ज्यांच्यासाठी कवळ्या करतो त्यांतल्या एका दंतवैद्याने पोट कमी करायला जाड टायरची सायकल घेतली, दोनदा चालवली, आणि पोट स्वतःकडे ठेवून सायकल मला देऊन टाकली. टायर कसले, उशाच त्या. खडीवरून जाताना पलंगावर बसल्यासारखं वाटतं आणि चढावर तोच पलंग ओढत नेल्यासारखं. मी कवळ्या पोहोचवतो ते दवाखाने तीन, त्यातला एक टेकडीवर. (बोळक्या तोंडाच्या म्हाताऱ्यांसाठी टेकडीवर दवाखाना काढणाऱ्याला माझा कोपरापासून दंडवत.) मागे एकदा निम्म्या चढावर उतरून मी सायकल ढकलत होतो, तर काठी टेकत एक आजीबाई मला मागे टाकून गेल्या, आणि जाताना "सावकाश या हो" असंही म्हणाल्या. तुम्हाला सांगतो, ते लागलं. घरी आलो आणि बायकोला म्हटलं, बस झालं, आता काम बंद. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "काम कशाला बंद करता? सायकलला मोटर बसवा."

तुम्हाला विचारायचं मनात आलं होतं. (मोटर म्हटल्यावर दुसरं कोण आठवणार?) पण "ठीक" एवढ्यावर मोटर बसवता येत नाही. मग सामान मागवलं. खोक्यातून एक चाक निघालं, त्याच्या पोटात मोटर, शिवाय बॅटरी, कंट्रोलरची डबी, हँडलला लावायची पिळायची मूठ, आणि वायरींचा असा गुंता की बायकोला तिच्या लोकरीच्या टोपलीची आठवण झाली. माहितीपत्रकात अक्षर नाही, नुसती चित्रं. प्रत्येक चित्रात एक माणूस पाना हातात घेऊन हसतोय. का हसतोय ते मला पुढे कळलं. ते चाक साध्या सायकलीचं निघालं. आमच्या सायकलीचा पुढचं चाक धरणारा चिमटा रुंद, त्यात ते बापाचा कोट घातलेल्या पोरासारखं दिसायला लागलं. परत पाठवलं. दुसरं आलं ते रुंदीला बरोबर, पण त्याचा आस चिमट्याच्या खाचेत जाईना, नखभर जाड. आता आमच्या व्यवसायात बसत नाही ती गोष्ट घासून बसवतात. मी दात घासायची मशीन काढली आणि खाच घासली. आस बसला. जरा ऐसपैसच बसला, पण त्याचं पुढे सांगतो.

पहिली फेरी बुधवारी दुपारी. एक निवृत्त मुख्याध्यापिका सकाळपासून दातांवाचून खोळंबल्या होत्या, तेव्हा त्यांची कवळी डबीत घालून पुढच्या टोपलीत ठेवली, बायकोला दारात उभं केलं आणि मूठ हलकेच पिळली. भावोजी, सायकल मागे गेली. चाक उलट्या बाजूने बसवलं होतं हे आता समजतं, तेव्हा एवढंच समजलं की बायको लांब लांब चालली आहे. घाबरलेला माणूस हातातली वस्तू घट्ट धरतो, आणि माझ्या हातात होती तीच मूठ. (ब्रेक दाबला की मोटर बंद पडते अशी एक वायर होती. ती मी जास्तीची समजून खिशात ठेवली होती.) शेजारणीच्या वाळत घातलेल्या दोन चादरी अंगावर घेऊन मी उलटा गल्ली उतरलो आणि सायकलीसकट सलूनच्या दारात घुसलो. सलूनवाला एका गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा धरून उभा होता, त्यामुळे त्याने मान वळवली नाही. चादरीतल्या मला आरशात पाहून म्हणाला, "बसा. तुमच्या आधी दोघं आहेत." वरची कवळी डबीत सुखरूप राहिली, खालची त्याच्या साबणाच्या वाटीत सापडली. धुऊन, उकळून, पुन्हा घासून पोहोचवली. बाईंनी लावून पाहिली आणि म्हणाल्या, "नवीन आहे, पण वास ओळखीचा वाटतोय." मी म्हटलं, नवीन साहित्य आहे.

चाक सुलट केलं. दुसऱ्या दिवशी टेकडीला लावली, तर निम्म्या चढावर तो ऐसपैस आस खाचेतल्या खाचेत गरकन फिरला आणि मोटरची वायर पिळवटून तुटली. तिथून ढकलत खाली आलो. (आजीबाई भेटल्या नाहीत, देवाची कृपा.) वायर जोडली, कवळीच्या गुलाबी मसाल्याने आस जाम केला. दिसायला हिरडीसारखं सुबक, पण दोन पिळांत ताडकन फुटलं. शेवटी कोपऱ्यावरच्या वेल्डरने लोखंडी पट्टी करून आस चिमट्याला बांधला आणि मला म्हणाला, "काका, दात वेगळे आणि दणका वेगळा."

आणि मग सोमवारी मी टेकडी चढलो. पाय न टेकता, धाप न लागता, मधे एका कुत्र्याला मागे टाकून. वर पोहोचलो, सायकल भिंतीला लावली, आणि काही विचार न करता खिशातून फोन काढून तुमच्या घरच्या फोनवर ताईला लावला. लहानपणापासूनची खोड, काहीही जमलं की आधी तिला सांगायचं. तुम्ही उचललात. दोनदा "हॅलो" म्हणालात. मग मला भान आलं. तो फोन माझा होता, भावोजी. ठेवून दिला त्याबद्दल रागावू नका.

असो. सायकल आता झकास चालते. कामही चालू आहे. काळजी नसावी.

आपला मेहुणा

ता. क. : वर झकास लिहिलं ते तुम्हाला उगाच घोर नको म्हणून. खरं म्हणजे मंगळवारपासून ती बंद आहे. मूठ पिळली की नुसतं घूं करते. इथे या कामातला जाणकार कोणी नाही, आणि तुम्ही तीस वर्षं जळलेल्या मोटरींची तार गुंडाळलीत. चार दिवस आलात तर काम मार्गी लागेल. मागची खोली रिकामी केली आहे, उजेड चांगला आहे. टेस्टर तेवढा तुमचा आणा, माझ्यावर माझाच विश्वास नाही.

आणखी ता. क. : भावोजी, हे वरील लेखकाच्या बायकोचं अक्षर. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलंय आणि पाकीट चिकटवायला विसरलेत. सायकल उत्तम चालते. आज सकाळी मीच तिच्यावरून दळण आणलं. तुम्ही याल तेव्हा खरं वाटावं म्हणून काल ह्यांनी एक वायर उपसून ठेवली होती, ती मी जागच्या जागी लावली. निघायच्या आदल्या दिवशी कळवा, म्हणजे पुन्हा उपसून ठेवीन. तुम्हाला हे सांगितलंय असं ह्यांना कळू देऊ नका. आणि चार दिवस कसले, बिघाड सापडायला निदान महिना तरी लावा.