वडील घरात असल्याची नोंद

प्रति,
मा. निवासी इमारत सुरक्षा अधिकारी,
विभागीय कार्यालय.

विषय : वडील घराबाहेर पडल्याची नोंद करून चौकशी पुन्हा सुरू करण्याबाबत.
संदर्भ : आपले गेल्या महिन्याच्या २६ तारखेचे पत्र.

महोदय,

आमच्या इमारतीला पुढून एकामागे एक दोन दारे आहेत, दोन्ही काचेची. मध्ये सव्वादोन मीटर लांब, दीड मीटर रुंद जागा. खिडकी नाही, पंखा नाही. बाहेरचे दार बाहेरून आकडे दाबून उघडते. आतले दार फक्त कार्डावर उघडते. मधल्या जागेतून परत बाहेर पडायलाही कार्डच लागते. दारांचे संगणकीय कुलूप कार्डावरून कोण आत, कोण बाहेर याची नोंद ठेवते; ज्याची नोंद आत आहे त्याला ते पुन्हा आत घेत नाही.

१. माझे वडील निवृत्त शिंपी. गेल्या महिन्याच्या २ तारखेला दुपारी १.१० ला ते सुया आणायला निघाले. पुढे असलेल्या शेजारीणबाईंनी आपले कार्ड लावले आणि मागे वडीलधारे माणूस आहे म्हणून दोन्ही दारे धरून ठेवली. वडिलांना कार्ड लावावे लागले नाही. कुलपाच्या लेखी ते घरातच राहिले.

२. ते १.५२ ला परतले. आतल्या दाराने पाच वेळा नकार दिला आणि कार्ड दोन तासांसाठी बंद केले. पाठीमागचे, बाहेर जायचे दारही त्याच कार्डाने उघडणारे.

३. त्यांनी नियंत्रण कक्षाची घंटी दाबली. ध्वनिमुद्रणात कर्मचारी म्हणतो, "बाबा, तुम्ही तर घरात दिसताय. उद्या दुसराच कुणी निघाला तर माझी नोकरी जाईल." वडील म्हणतात, "मग घरात जो मी बसलोय, त्यालाच जरा खाली पाठव की." कर्मचारी हसतो. खात्रीसाठी तो वडिलांच्याच मोबाइलवर तीनदा फोन करतो. मोबाइल वरती घरात, शिलाई मशीनवर चार्जिंगला होता. कुणी उचलत नाही, म्हणून तक्रार बंद.

४. बाकीचे रहिवासी वाहनतळाच्या दाराने ये-जा करतात. मी ३.४० ला कामावरून आले. वडील आतल्या दाराला टेकून बसलेले होते, सुयांचे पाकीट मुठीत. डॉक्टरांच्या मते मृत्यू तीनच्या सुमारास. मी विज्ञानाची पदवीधर आहे. दुसऱ्या दिवशी त्याच जागेत तापमापी ठेवली. तीन वाजता ४९ अंश.

५. आपल्या पत्रानुसार "सदर इसम घटनेवेळी घरात होते", सबब कुलपाविषयीची तक्रार ग्राह्य नाही. नोंद बदलण्यासाठी कार्डधारकाने स्वतः कार्ड लावून बाहेर पडावे, असेही त्यात आहे. त्यांना तिथून उचलून नेताना त्यांचे कार्ड लावायचे आम्हा कुणालाच सुचले नाही. ती चूक मला मान्य आहे.

६. परवा कुलपाकडून मला संदेश आला : "आपल्या घरातील ज्येष्ठ व्यक्ती तीस दिवस बाहेर पडलेली नाही. कृपया विचारपूस करावी."

तरी वडील त्या दिवशी १.१० ला बाहेर पडले, एवढे कृपया लिहून घ्यावे. बाकी चौकशी त्यानंतरच होऊ शकेल.

आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत,
अर्जदार (मयताची मुलगी)
दि. ४

सोबत :
अ) ध्वनिमुद्रण
आ) न उचललेल्या तीन फोनची नोंद
इ) तापमानाचा तक्ता
ई) आज सकाळी ९ वाजता घरातील माणसे : कुलपानुसार २, मोजून १.