महिपतच्या काळजाचे हक्कदार

महाड,
दि. ४ जानेवारी २००७

चि. महिपत यास,
अ. उ. आ.

तुझे पत्र पोहोचले. फोनवर बोलताना तुला दम लागतो आणि मला मध्येच तोडलेले आवडत नाही, म्हणून उत्तर पत्रानेच देते.

मुंबईच्या डॉक्टरांनी तुला स्टेम सेलच्या उपचारासाठी निवडले, हे वाचून समाधान वाटले. कमरेच्या हाडातील मज्जा काढायची, तिच्यातील मूळ पेशी वेगळ्या करायच्या आणि थकलेल्या हृदयाच्या रक्तवाहिनीत सोडायच्या. उपचार अजून प्रयोगाच्या पायरीवर आहे, गुण येईलच अशी हमी नाही, हेही तू लिहिलेस. मज्जा कोणाची, हे मात्र लिहिले नाहीस. ते मला बाजाराला आलेल्या तुमच्या वाडीतल्या श्रीपतकडून कळावे, याचे नवल वाटले. मज्जा आपणच देणार, असे मंजुळा वाडीभर सांगते आहे म्हणे.

अवयव रक्ताच्या नात्याने द्यावा, हे कोणीही मान्य करील. मंजुळा तुझी पत्नी आहे, रक्ताची नाही. यावरून काय निष्पन्न होते, ते मी आयुष्यभर कॉलेजच्या मुलांकडून फळ्यावर सोडवून घेत आले. माझ्या शहात्तर वर्षांचा आक्षेप निघेल. आई गेली तेव्हा शेळीच्या दुधाचा बोळा तुझ्या तोंडात धरून तुला जगवले ते मी दहा वर्षांची असताना, आणि तेव्हाही सारे म्हणत होते की हिचे हे वय नाही.

मंजुळेने तुला चाळीस वर्षे जेवू घातले, हे मी नाकारीत नाही. पण तिच्या हाडाचा अंश तुझ्या काळजात जाऊन बसावा आणि मी दवाखान्याच्या बाकावर बसावे, हे मला मान्य नाही. मज्जा माझी घेणार असतील तरच माझी संमती समजावी.

गुरे चारायला तू रानात जाऊ नकोस. लोभ आहेच, तो वाटून घेण्याची मला सवय नाही.

तुझी ताई,
सोनाबाई

आंबेनळीखालची वाडी, पोलादपूर,
दि. १३ जानेवारी २००७

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

तुमचा कागद यांनी मोठ्यानं वाचला आनि हसता हसता खोकले. मी नाय हसले. म्हटलं, आता मीच लिवते.

श्रीपत भावजी बोलले ते खरं हाय. मी सांगत होते वाडीत. तुम्ही रक्ताच्या, डॉक्टर तुमचंच नाव काढनार, ही मला धास्ती. भाकरी वाढली की हे सांगतात, ताईची भाकर पातळ असायची. उद्या काळीजच ताईचं झालं तर मी रोज ताट कोनाच्या पुढ्यात ठेवायचं? म्हनून मी आधी बोलून मोकळी झाले.

परवा आमचा राजेंद्र आम्हाला मुंबईला घेऊन गेला. पोरगा आडवत होता तरी मीच डॉक्टरला इचारलं. त्यांनी सांगितलं की दुसऱ्या कोनाच्या हाडातला मगज लागतच नाय. यांच्याच कमरेतून काढनार आनि यांच्याच काळजात सोडनार. माझा नाय याचं वाईट वाटलं. पन तुमचा पन नाय, हे ऐकून बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

आता दुसरं. तिथं यांच्याजवळ एकच मानूस ठेवतात. हे बोलतात, कोनी राहायचं ते ताई सांगंल, तिचा होकार आल्याशिवाय मी एसटीत पाय ठेवनार नाय. डॉक्टरचं इंग्रजी तुम्हाला कळतं, मला नाय. काय तो निकाल द्या, पन लवकर द्या. आडवं झालं की यांना दम लागतो, रात रात बसून झोपतात. दवाखान्यानं दिलेली तारीख गेली तर दुसरी मिळंल का, डॉक्टरलाच ठावं नाय.

रागावलात तरी चालंल, टाकू नका.

तुमची,
मंजुळा

महाड,
दि. १९ जानेवारी २००७

चि. सौ. मंजुळा हिस,
अ. उ. आ.

तुझे पत्र दोनदा वाचले. मज्जा देणारा दुसरा असलाच पाहिजे, हे मी पुराव्यावाचून गृहीत धरले. याच चुकीसाठी मी मुलांचे गुण कापीत असे. तू तीच चूक केलीस. तू तर्कशास्त्र शिकलेली नाहीस, म्हणून तुझी क्षम्य.

त्या गृहीतावर मी जो मत्सर उभारला, त्याचा आधार गेला. नियमाने पाहता मत्सरही जावयास हवा. तो गेलेला नाही. भाकरीची हकिकत वाचून मला जो आनंद झाला, तो माझ्या वयाला शोभणारा नव्हता.

आता निकाल. मला इंग्रजी येते, डॉक्टरांना उलट प्रश्न विचारता येतात, आणि मी त्याची थोरली आहे. सारी कारणे माझ्या बाजूची आहेत. मी पिशवीही भरली होती. मग स्वतःला विचारले, की भीती वाटली म्हणजे महिपत काय करतो. आठवले ते इतकेच, की तो माझ्या परकराचे टोक तोंडात धरतो. ते चार वर्षांचे पोर होते. सहासष्ट वर्षांचा माणूस घाबरल्यावर काय करतो, हे मला ठाऊक नाही. तो बसून झोपतो, असे तू लिहितेस. तेव्हा त्याच्या पाठीला टेकून कोण बसते, हे तू लिहिले नाहीस. ते मला अनुमानाने कळते.

म्हणून जवळ तू राहावेस. माझा होकार आहे, असे त्याला आजच सांग. डॉक्टर इंग्रजीत बोलू लागले तर मराठीत बोलावयास सांगावे. त्यांना येत असेल.

मी येणार नाही. बाकावर बसून तुझा हेवा करण्यापेक्षा तो घरी बसून करणे मला कमी कष्टाचे आहे.

गुण येवो वा न येवो, पत्र तू लिहावेस. त्याच्या हकिकतीत नेहमी काहीतरी सुटते. माझ्यावर लोभ ठेवावा, जमेल तेवढा.

तुझी वन्सं,
सोनाबाई