कप्तानाची मिशी आणि अर्धा बटाटा

नार्दो, ईस्टरच्या आधीचा मंगळवार

प्रिय आदोलोराता मावशी,

तुझ्या दोन्ही हातांचे मुके. बारीला लेकीकडे गेल्यापासून खुब्याचं दुखणं कसं आहे? जिना चढतेस का? मी बरा आहे, म्हणजे जेवतो-खातो. बाकी तोंड दाखवायच्या लायकीचा उरलेलो नाही. पुढचं उभ्यानं वाचू नकोस, आधी खुर्चीत बस.

किल्ली देताना तू एवढंच म्हणाली होतीस, "पोम्पिलियो, झाडांना पाणी घाल आणि कशाला हात लावू नकोस." झाडं टवटवीत आहेत. (एक सोडून.) पण ईस्टरच्या आधी पाद्रीबाबा घराला आशीर्वाद द्यायला येणार, आणि जेवणाच्या टेबलामागच्या भिंतीवरचं आपलं ते लढाईचं जुनं चित्र धुरानं इतकं काळवंडलेलं, की कप्तानाची मिशी आणि तलवार सोडली तर कोण कोणाला मारतंय तेच कळेना. शेजारची नुन्झ्याता म्हणाली, "अरे, कच्चा बटाटा कापून चोळ! माझ्या आईनं सगळे संत तसेच उजळवले." (त्या संतांना आता डोळे नाहीत, हे मला नंतर आठवलं.)

चोळला. काय सांगू मावशी, आधी ढग निघाले, मग घोड्याचं शेपूट, मग एक पडलेला भालाईत, जो आजवर आपल्यापैकी कोणी पाहिलाच नव्हता! मला चेव आला. तिथंच थांबायला हवं होतं. पण पांढऱ्या घोड्यावरचा आपला पूर्वज, कप्तान फुलजेंत्सियो, ज्याच्या पराक्रमाची गोष्ट दोनातोकाका हयात असताना दर नाताळला सांगायचे आणि ज्याला तू रोज झोपायला जाताना "चल, येते रे" म्हणतेस, तोही चकाकावा म्हणून बटाट्याला जरा सोडा लावला. दोन हात फिरवले आणि कप्तानाचा चेहरा बटाट्यावर आला. मिशीसकट. तलवारही गेली, आणि तिच्याखाली निघाली तुतारी! घोड्यावर आता गाल फुगवलेला कोणी पोरगेला वाजंत्री बसलाय.

पाद्रीबाबा पाणी शिंपडता शिंपडता थबकले. "कप्तान कुठं गेला रे?" मी म्हटलं, "रजेवर." पाद्र्यासमोर खोटं बोललो, तेही ईस्टरच्या या पवित्र आठवड्यात. लाज वाटते मावशी, फार लाज वाटते. तुझ्या घरात ती एकच वस्तू तू जिवापाड जपलीस, आणि मी ती बटाट्यानं पुसली.

तुझा (अजून म्हणवून घेता येत असेल तर),
पोम्पिलियो

ता. क. लेच्चेहून जुन्या चित्रांचा एक जाणकार येऊन गेला. म्हणाला, निघालेला रंग जुना नव्हताच. पन्नासेक वर्षांपूर्वी कोणीतरी वरून चढवलेला. खालचा वाजंत्री अस्सल. म्हणजे मी नासधूस नाही, उपकारच केले की! हे पत्र फाडणारच होतो.

आणखी ता. क. तेवढ्यात नुन्झ्याता आली. "मेल्या, तुझ्या दोनातोकाकानं लग्नाच्या वर्षी चर्चच्या मूर्ती रंगवून उरलेल्या रंगात स्वतःलाच घोड्यावर बसवलं होतं. तुझी मावशी हसावी म्हणून! अख्ख्या गल्लीला माहीत आहे." मावशी, मला माहीत नव्हतं. तू कोणाला "येते रे" म्हणायचीस ते आज कळलं. काकांचा तरुणपणीचा एखादा फोटो पाठवशील? मूर्ती रंगवणाऱ्याकडून चेहरा पुन्हा काढून घेतो. वाजंत्री गेला खड्ड्यात.

शेवटचा ता. क. बटाटा टाकलेला नाही. तुझ्या रुमालात गुंडाळून जपमाळेच्या खणात ठेवलाय. थोडा सुकलाय, पण मिशी अजून ओळखू येते.