बाळाच्या दोन सुया

नाशिक, मंगळवार

ती. आईस, तुझ्या रोहिणीचा जयभीम. अण्णांनाही सांग.

बाळ चांगलं आहे. नाकडोळे अण्णांसारखे आहेत. मला मात्र झोप पुरत नाही, बसल्या जागी डोळे मिटतात.

फोनवर वहिनी स्पीकर लावते, म्हणून लिहिते. बाळंतपणाआधीच्या तपासणीत माझ्या रक्तात हिपॅटायटिस बी निघाला. लिव्हरचा आजार आहे. घाबरू नकोस. बाळाला जन्मल्या जन्मल्या दोन सुया दिल्या, त्यामुळे त्याला लागायची भीती खूप कमी झाली. लसीचे पुढचे डोस चुकवायचे नाहीत. वर्षाचं झालं की त्याचं रक्त तपासतील. तोवर वाट बघायची. ह्यांचं रक्त चांगलं निघालं, त्यांनाही लस सुरू केली.

सासूबाईंनी दवाखान्यात माझं ताट वेगळं ठेवलं होतं. सिस्टर म्हणाल्या, “आजी, हा ताटातून नाही लागत, रक्तातून लागतो. अंगावर पाजू द्या तिला.” आता आम्ही एकत्र जेवतो.

डॉक्टरांनी मला विचारलं, तुमच्या आईची तपासणी झालीय का? हा आजार अंगात असूनही वर्षानुवर्षं कळत नाही म्हणे. तू आणि नवनाथदादा दोघंही रक्त तपासून या. औषधं आहेत. तुला हल्ली थकवा येतो का? खरं सांग.

आणि मला हे कुठून आलं, याचा विचार करत बसू नकोस. बाळाला माझ्याकडून लागलं असतं, तर तू मला बोल लावला असतास का?

तुझीच,
रोहिणी